घरबसल्या लॉगिन

३ मार्च, सोमवार

झालं! माझ्याच हातानं माझा दरवाजा बंद करून घ्यायचा हुकूम निघाला.

नव्या साहेबांनी सकाळी सगळ्यांसमोर सांगितलं — कारखान्यातल्या सगळ्या स्विचमध्ये लांबून लॉगिन करता आलं पाहिजे. तेही नीट, प्रत्येकाचं नाव आणि पासवर्ड तपासून. महिनाअखेरपर्यंत. आजवर कसं होतं? भट्टीची शेड, पॅकिंग, स्टोअर, वजनकाटा, ऑफिस — प्रत्येक ठिकाणी भिंतीला एक लोखंडी कपाट आणि कपाटात स्विच. दिसायला ओळीनं भोकं पाडलेला पत्र्याचा चपटा डबा, पण त्या भागातल्या सगळ्या कॉम्प्युटरच्या तारा त्याच्यात येतात. काही बदलायचं म्हटलं की मी लॅपटॉप आणि निळी केबल घेऊन तिथे जाणार, कपाट उघडणार, खाली उकिडवी बसणार, केबल खुपसणार. म्हणजे मी तिथे असायलाच हवी. हे 'असायलाच हवी' मला किती प्रिय आहे ते माझं मला ठाऊक.

साहेब म्हणाले, तुमच्या आई आजारी असतात ना मॅडम, मग हे झालं की तुम्ही घरूनच काम करा, कशाला रोज बसचे धक्के खाता? सगळ्यांनी माना डोलावल्या. भोंग्यानं तर टाळीच वाजवली. (भोंगा म्हणजे माझ्या शेजारच्या टेबलावरचा. हळू बोलणं म्हणजे काय हे त्याला माहीतच नाही.) मी हसले. कोणी आपलं भलं करायला निघालं की त्याला आवरायचं कसं, हे मला आजतागायत जमलेलं नाही.

बसचे धक्के! अहो, ते धक्केच तर माझे आहेत. घरातून निघाल्यापासून घरी परतेपर्यंतचा वेळ — तेवढाच माझा. आईचं डावं अंग गेल्याला दोन वर्षं झाली. दिवसा पगारी मावशी असतात तिच्यापाशी, बाकी सगळं मी. रात्री कूस बदलायला मी, पाणी द्यायला मी, 'पंखा वाढव', 'पंखा कमी कर' ऐकायला मी. तक्रार नाही. म्हणजे आहे, पण कोणापाशी करायची? सकाळी बसमध्ये खिडकीशी बसले की पहिला श्वास येतो. तो आता जाणार.

४ मार्च, मंगळवार

घरी काही बोलले नाही. बोलणारही नाही.

६ मार्च, गुरुवार

पॅकिंगच्या स्विचपासून सुरुवात केली. काम तसं गमतीचं आहे, हे कबूल करायला हवं.

लांबून कोणी हाक मारली की स्विचनं आधी विचारायचं — कोण तू? नाव सांगितलं, पासवर्ड सांगितला, तरी स्वतःच्या मनानं आत घ्यायचं नाही. ऑफिसात एक सर्व्हर ठेवलाय, त्याच्याकडे सगळ्यांची नावं. स्विच त्याला विचारणार, हिला ओळखतोस का? तो हो म्हणाला तर आत ये. नाही म्हणाला तर बाहेर, विषय संपला. पण सर्व्हरच बंद पडला, उत्तरच आलं नाही, तर? त्यासाठी स्विचच्या स्वतःच्या पोटात एक राखीव नाव ठेवायचं. ते ठेवायला विसरलं तर ज्या दिवशी सर्व्हर आडवा होईल त्या दिवशी कोणालाच आत जाता येणार नाही. मग पुन्हा कपाट, निळी केबल आणि मी.

सोबत आलेल्या भोंग्याला तिथेच हे समजावून सांगितलं. तो म्हणाला, थोडक्यात काय, सासूला विचारून दार उघडायचं आणि सासू झोपली असेल तर आपलं आपण उघडायचं! अख्ख्या पॅकिंगला ऐकू गेलं. बायका बाटल्या हातात धरून हसत सुटल्या. काचेच्या कारखान्यात असं हसणं बरं नव्हे, पण एकही फुटली नाही. त्यांच्यातलीच एक म्हणाली, ताई, म्हणजे तुम्ही आता येणार नाही का इकडे? मी म्हटलं, येईन की. खोटं!

त्या शेडमध्ये दिवसभर बाटल्यांची किणकिण. पहिल्या वर्षी डोकं उठायचं. आता ती थांबली की चुकल्यासारखं होतं.

९ मार्च, रविवार

आज फुटलं सगळं.

दादा-वहिनी आले होते, रविवारचे येतात तसे. दादा आईच्या पायाशी बसून पेपर वाचत होता, वहिनी तिची उशी बदलत होती. तेवढ्यात साहेबांचा फोन. माझे हात ओले, म्हणून वहिनीनं उचलला आणि स्पीकरवर टाकला. साहेब मोठ्या उत्साहात — काय मॅडम, कुठवर आलं? वीस तारखेपासून घरूनच बघूया तुमचं, महिनाअखेरपर्यंत नीट चाललं तर एक तारखेपासून कायमचं!

फोन ठेवल्यावर दादाचा चेहरा बघण्यासारखा होता. लॉटरी लागल्यासारखा. "अगं, मग सांगायचं नाही का? आईपाशी चोवीस तास घरचं माणूस! मावशींची गरजच काय मग?" वहिनी म्हणाली, देवच पावला. मी हात पुसत उभी. मला म्हणायचं होतं — दादा, मला नकोय हे. मी मरेन रे घरात. तोंडातून निघालं, "अजून काम व्हायचंय." बस्स. एवढंच!

दादा वाईट नाही. खर्चाचं तो बघतो, डॉक्टरांचं तो बघतो. फक्त त्याला घड्याळ बघून घरी जाता येतं.

आई भिंतीकडे तोंड करून पडली होती. एरवी मुंगी चालली तरी तिला त्यावर काही बोलायचं असतं. आज चकार शब्द नाही. खूश झाली असणार. मुलगी दिवसभर घरात, आणखी काय हवं? मावशी स्वयंपाकघरात भांडी लावत होत्या. त्यांनी ऐकलं. जाताना 'येते ताई' म्हणाल्या ते माझ्याकडे न बघता.

११ मार्च, मंगळवार

भट्टीचा स्विच. उकाड्यानं जीव नकोसा.

आज एक गोष्ट केली. म्हणजे केली आणि मग परत फिरवली. इथे लिहायला हरकत नाही, इथे कोण बघतंय?

राखीव नाव ठेवलंच नाही. मुद्दाम. सर्व्हरची तपासणी चालू केली, ती ओळ संपली तिथेच थांबले, राखीवचा शब्द घातला नाही. सगळं व्यवस्थित चाललं असतं — साहेबांनी पाहिलं असतं, शाबासकी दिली असती. आणि कधीतरी सर्व्हर पडला असता. पडतोच. तेव्हा 'मॅडम, लगेच या' असा फोन आला असता. मग महिन्यातून एकदा का होईना, बस, खिडकी, किणकिण. कोणाला कळलंही नसतं, कारण ही चूक हे काम करणारी सगळीच माणसं एकदा तरी करतात. मी कपाट बंद केलं. किल्ली खिशात टाकली. शेडच्या दारापर्यंत गेले.

आणि परत आले. मनात आलं, ज्या दिवशी सर्व्हर पडेल त्याच दिवशी भट्टीला काही झालं तर? तिथे माणसं उभी असतात. पुन्हा उकिडवी बसले, राखीव नाव घातलं, सेव्ह केलं. माझ्या हातून वाईट काम होत नाही ही माझी मेलीची खोड. तिनंच माझा घात केलाय आयुष्यभर.

१२ मार्च, बुधवार

स्टोअरचा झाला. नीट झाला. नीटच होणार.

१४ मार्च, शुक्रवार

वजनकाट्यानं आज माझी वरात काढली.

लांबून आत शिरण्यापुरतं काल तिथे जाऊन करून ठेवलं होतं. म्हटलं, आता उठून जायचंच कशाला, बाकीचं काम ऑफिसात बसून लांबूनच करू. आमच्याकडे एक रीत आहे. धोक्याचा बदल करण्याआधी स्विचला सांगून ठेवायचं — दहा मिनिटांनी आपला आपण बंद होऊन पुन्हा सुरू हो. बदल सेव्ह करायचा नाही. सगळं ठीक झालं तर तो हुकूम मागे घ्यायचा. आपण बाहेर अडकलो तर गप्प बसायचं, दहा मिनिटांनी स्विच झोपेतून उठतो तेव्हा त्याला जुनंच आठवत असतं आणि आपल्याला दार उघडं मिळतं. मी हे कधी चुकवत नाही.

आज सर्व्हर आणि स्विच यांच्यातला गुप्त शब्दच मी चुकीचा भरला. आणि राखीव नाव घालायच्या आधीच तपासणी चालू करून बसले. नवशिक्यासारखं! स्विच सर्व्हरला विचारतोय, सर्व्हर ढुंकून बघत नाही, आणि पोटात कोणाचंच नाव नाही. दार बंद. मी बाहेर. आता दहा मिनिटं वाट बघायची आणि मग तो स्विच बंद-चालू होताना वजनकाट्याचा कॉम्प्युटर मधल्या मध्ये लटकणार. तेव्हा धावत काट्यापाशी गेले सांगायला. तिथे ट्रकांची ही रांग! काट्यावरचा कारकून म्हणाला, मॅडम, आत्ता नको हो. मी म्हटलं, आता माझ्या हातात नाही. काटा थांबला. ड्रायव्हर लोकांनी हॉर्न वाजवून वाजवून माझा उद्धार केला. एक तर ट्रकमधून खाली उतरून कमरेवर हात ठेवून माझ्यासमोर उभा राहिला आणि म्हणाला, बाई, आम्हाला घरं नाहीत का?

आणि मी काय करत होते? उन्हात उभी राहून चक्क मजेत होते. कोणी आत जाऊ शकत नव्हतं, कोणी माझ्याकडे काही मागू शकत नव्हतं, करण्यासारखं काहीही नव्हतं. इतकं बरं मला कित्येक दिवसांत वाटलं नव्हतं. मग स्विच उठला आणि मी शहाण्यासारखी आत जाऊन सगळं दुरुस्त केलं.

१७ मार्च, सोमवार

सगळे झाले. साहेबांनी आपल्या खुर्चीतून एकेका स्विचला लॉगिन करून पाहिलं. चुकीचा पासवर्ड टाकला, आत घेतलं नाही. बरोबर टाकला, घेतलं. सर्व्हरची तार काढून पाहिली, राखीव नावानं घेतलं. "वा मॅडम! एक नंबर." टाळ्या पडल्या. भोंगा ओरडला, पार्टी! मी म्हटलं, माझ्या निरोपाची का? सगळे हसले. मी विनोद केला असं वाटलं त्यांना.

आईला रात्री सांगितलं, गुरुवारपासून मी घरी. "बरं," म्हणाली. आणि लगेच, "तो पंखा कमी कर."

२० मार्च, गुरुवार

घरून पहिला दिवस.

टेबल बाहेरच्या खोलीत लावलं, आईच्या दाराकडे तोंड करून, म्हणजे तिच्यावर लक्ष राहील. दार उघडंच ठेवलं. तिचे पाय दिसतात मला, मी तिला दिसते. सकाळी लॉगिन झालं, चुटकीसरशी. साहेबांशी बोलणं सुरू असताना आत टीव्ही इतका मोठा की माझंच मला ऐकू येईना. मावशींना सांगितलं, जरा बंद करा, कामाचं बोलणं चाललंय. मग दोघींची कुजबुज सुरू. तीही ऐकू येते! पुन्हा उठून सांगितलं. मग शांत झाल्या. नंतर मावशी खुर्ची घेऊन निघाल्या — आजींना फाटकाशी बसवते म्हणे, रोज बसतात. ह्या उन्हात? त्या धुळीत? मला कोणी सांगितलंच नव्हतं. खुर्ची परत आत ठेवायला लावली. बरं झालं मी घरी होते.

दुपारच्या आत लॉगिन तुटलं. स्क्रीन गोठली. मिनिट-दोन मिनिटांनी पुन्हा जमलं. मग पुन्हा एकदा तुटलं.

२१ मार्च, शुक्रवार

आजही तुटलं. तीनदा! मला वाटलं, बराच वेळ काही टाइप केलं नाही की स्विच आपणहून बाहेर काढतो, ती वेळ मी कमी ठेवली असेल. तपासली. भरपूर आहे. तरी वाढवली.

आई पत्ते खेळते!! मला माहीतच नव्हतं. उशीखालून पत्त्यांचा जोड निघाला, मावशींनी घाईघाईनं पदराखाली घेतला. मी म्हटलं, खेळा की, मी काय मास्तरीण आहे? पण खेळल्या नाहीत. आई म्हणाली, राहू दे, डोकं दुखतंय. डॉक्टरांना विचारायला हवं हे डोकेदुखीचं.

२२ मार्च, शनिवार

अर्धा दिवस. सर्व्हरच्या मागे लागले. स्विचनं सर्व्हरची किती वेळ वाट बघायची, किती वेळा पुन्हा विचारायचं, सगळं उलटंपालटं करून पाहिलं. तरी तुटलं. दात-ओठ खाऊन काम करतेय. मी लावलेलं असं तुटतं म्हणजे काय? आणि दुसरं मन आतून नाचतंय — तुटू दे, तुटू दे! कुठल्या मनाचं ऐकायचं?

जेवताना आईनं ताट अर्धं सोडलं. घरात बसून मला निदान हे तरी दिसतंय.

२४ मार्च, सोमवार

साहेबांना म्हटलं, एक दिवस तिथे येऊन बघते, त्याशिवाय दोष सापडायचा नाही. बस! खिडकी! खिडकीतून दिसणारी तीच ती घाणेरडी भिंत, तेच टायरचं दुकान, पण डोळ्यांत पाणी आलं. बाई वेडी झाली म्हणतील.

कारखान्यात दिवसभर एकदाही तुटलं नाही. ऑफिसातून, पॅकिंगमधून, वजनकाट्यावरून, सगळीकडून लॉगिन ठणठणीत. म्हणजे माझी सेटिंग बरोबर आहे. दोष घरच्या इंटरनेटचा. तीन दिवस मी माझ्याच स्विचची पोटं फाडत बसले होते. दुसऱ्या कोणी सांगितलं असतं तर म्हटलं असतं, अगं बाई, आधी घरची लाइन बघ! पण मला ती चूक माझ्याच कामात हवी होती. शिकलेल्या माणसाचा शहाणपणा हा असा.

संध्याकाळी घरी आले तर आई चक्क गप्पा मारायच्या मूडमध्ये. समोरच्या घरातल्यांनी गाडी घेतली, रंग भिकार आहे, भाजीवाला आज तिला फसवायला निघाला होता पण तिनं पकडला, असं सगळं एका दमात. दुसऱ्यांदा भात मागून घेतला. आज जरा बरं वाटत असणार. रोज असं कुठे वाटतं?

२५ मार्च, मंगळवार

पुन्हा घरी, पुन्हा तुटलं. इंटरनेटचा लाइनवाला बोलावला. आईच्या खोलीच्या खिडकीतून तार आत येते, तिथेच त्यांचा छोटा पांढरा डबा आहे. तिथून पुढे बाहेरच्या खोलीत वायफाय. त्यानं तार तपासली — उत्तम. मग म्हणाला, मॅडम, हा डबा दिवसातून चार-पाच वेळा बंद-चालू होतोय, आमच्याकडे दिसतं. याचा अ‍ॅडॅप्टर गेलाय. नवा लावून गेला. आई सगळा वेळ डोळे मिटून होती. बिचारीची झोपमोड. मावशींना म्हटलं, खिडकी लावून घ्या, धूळ येते. आईला धुळीचा त्रास होतो.

२६ मार्च, बुधवार

नवा अ‍ॅडॅप्टर आणि तरीही! साहेबांसमोर दोनदा तुटलं. त्यांचा सूर बदललाय. "मॅडम, शुक्रवारी मोठ्या साहेबांना दाखवायचंय हे. त्या दिवशी तरी चालू द्या."

संध्याकाळी दादा येऊन गेला. त्यानं मावशींना सांगूनही टाकलं, एकतीसपर्यंतच या म्हणून. मला विचारलंसुद्धा नाही. मी म्हटलं, अजून माझं नक्की नाहीये दादा. तर म्हणाला, एवढी मोठी तू इंजिनीअर, एक इंटरनेट नीट होत नाही तुझ्याच्यानं? तोंडात मारल्यासारखं झालं. मी त्याच्याशी भांडायला हवं होतं. मी चहा केला.

मावशी निघाल्या तेव्हा आईनं त्यांचा हात धरून ठेवला होता.  मी म्हटलं, आई, सोड, त्यांची बस चुकेल. सोडला.

२७ मार्च, गुरुवार

आज मनाशी ठरवून टाकलं की हे असंच. माणसं तुरुंगातही राहतात, खातात, केस विंचरतात. मीही राहीन. स्विचला म्हणता तरी येतं, दहा मिनिटांनी आपोआप मागे जा. मला कोणाला म्हणता येतं?

दुपारी आईनं तिसऱ्यांदा पाण्याचा पेला परत पाठवला. कोमट हवं, गार हवं, नको. मी पेला आपटला. फुटला नाही, पण आवाज मोठा झाला. ती माझ्याकडे बघत राहिली. त्या क्षणी माझ्या मनात जे आलं ते मी इथेही लिहिणार नाही. नंतर बाथरूममध्ये नळ सोडून रडले. चाळीस ओलांडलेली बाई नळ सोडून रडते! बाहेर आले तर मावशी तिचं कपाळ चेपत होत्या आणि दोघी गप्प. हल्ली या घरात कोणी बोलतच नाही. पूर्वी मी दारात आले की फाटकापासून आवाज यायचे, दोघींचे. मला तेव्हा त्याची कटकट वाटायची.

उद्या मोठे साहेब. उद्या नीट चाललं की संपलं. आणि मी माझ्याकडून सगळं नीट केलंय.

२८ मार्च, शुक्रवार

मोठे साहेब पडद्यावर, मी भट्टीच्या स्विचमध्ये लॉगिन केलेलं, सगळे वा वा म्हणताहेत — आणि गोठलं. मी खुर्चीवरून उठले ती अनवाणीच आईच्या खोलीत. मावशी मागे कपडे वाळत घालत होत्या. आई पलंगाच्या अगदी कडेला सरकली होती. पडेल की काय इतकी. उजवा हात लांब करून तिनं त्या पांढऱ्या डब्याचं बटण दाबून धरलं होतं. मला बघितलं तरी बोट काढलं नाही.

"रोज तूच?"

"मग काय करू? तुला तोंडावर कसं सांगू?" धाप लागली होती तिला. "तू कामाला गेलीस की मी दिवसभर बरी असते गं. तू समोर बसलीस की मी आजारी असते."

मी तिच्या पायाशी बसले. हसू आलं, रडू आलं, रागही आला. तो अजून गेलेला नाही. मग तिच्यासमोरच साहेबांना फोन लावला, घरून जमणार नाही म्हणून. दोष कुठे आहे, त्यांनी विचारलं. सापडला नाही म्हटलं. दादालाही फोन केला. मावशी राहतील म्हटलं, विचारलं नाही, सांगितलं.

आई डोळे मिटून सगळं ऐकत होती. मी फोन ठेवल्यावर म्हणाली, "उद्या शनिवार. अर्धा दिवस असतो ना तुमचा? तेवढा तरी जा."